अँटिगनी बसवताय? मग कोरस कापू नका

पत्र:

“मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलांना घेऊन प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ‘अँटिगनी’ मराठीत बसवायचं ठरवलं आहे. प्रेक्षकही त्याच वयाचे, चारेकशे मुलं-मुली. प्राचार्यांनी तासाभराची वेळ दिली आहे. सहकारी म्हणतात, नाटकातल्या थीब्झ शहराऐवजी आपल्याकडचं एखादं गाव घ्या, राजा क्रेऑनला आमदार करा, म्हणजे मुलांना पटकन कळेल. शेवटच्या मृत्यूंना मुलं हसतील अशी मला धास्ती आहे. दोन पालकांनी, आत्महत्या असलेलं नाटक या वयात कशाला, असंही विचारलं. आणि हो, कोरसचं, म्हणजे गाणाऱ्या-बोलणाऱ्या नागरिकांच्या त्या समूहाचं, काय करू? वेळ वाचवायला काढून टाकू, की दोन गोंधळी उभे करून त्यांच्याकडून निवेदन करून घेऊ?”

मॅडम, सप्रेम नमस्कार.

कोरसबद्दल तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत, पण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्यावरच अवलंबून आहेत, म्हणून आधी तेच घेतो. काढू नका. वेळ कमी पडला तर क्रेऑनची वाक्यं कमी करा, अँटिगनीची करा. कोरसला हात लावण्याआधी मात्र दहादा विचार करा.

कोरसमधले हे थीब्झचे वृद्ध नागरिक नाटकात नेमकं काय करतात, ते हातात पेन्सिल घेऊन संहितेत एकदा शोधा. पहाटे ते येतात ते विजयाचं गाणं गात. रात्री शत्रूचं सैन्य पळालं, शहर वाचलं, आता लढाई विसरून देवळांपुढे नाचू या, असं म्हणत. मग क्रेऑन येतो आणि परकं सैन्य घेऊन चालून आलेल्या, लढाईत मेलेल्या पॉलिनायसीसचं, म्हणजे अँटिगनीच्या भावाचं, प्रेत उघड्यावर टाकून देण्याचा हुकूम सांगतो. ते मान डोलावतात. मेलेल्यांना आणि जिवंतांना कोणता कायदा लावायचा हा तुमचा अधिकार, म्हणतात. पण प्रेतावर लक्ष ठेवायचं काम आपल्या गळ्यात पडतंय असं वाटताच म्हणतात, हे ओझं कुणा तरुणावर टाका. पहारेकरी येऊन सांगतो की कुणीतरी प्रेतावर माती टाकली. त्यांच्यातला मुख्य दबकत विचारतो, हे देवांनीच तर केलं नसेल? क्रेऑन खेकसतो, तो गप्प बसतो. ती माती टाकणाऱ्या अँटिगनीला पकडून आणल्यावर ते म्हणतात, बापासारखीच आहे, नमायचं ठाऊक नाही. क्रेऑनचा मुलगा आणि अँटिगनीचा नियोजित वर हायमन बापाशी वाद घालतो तेव्हा म्हणतात, दोघंही ठीक बोलताहेत, एकमेकांचं ऐका. तिला जिवंत कोंडण्यासाठी गुहेकडे नेताना पाहून त्यांना रडू आवरत नाही, आणि थोड्याच वेळात तिला सुनावतातही, की तुझ्याच हट्टाने तुझा घात केला. शेवटी भविष्यवेत्ता टायरेसियस क्रेऑनला इशारा देऊन निघून गेल्यावर, या माणसाचं भाकीत आजवर खोटं ठरलेलं नाही, हे तेच बोलतात. आणि “मी काय करू, सांगा” असं विचारणाऱ्या क्रेऑनला, जा, मुलीला सोडव, प्रेताला मूठमाती दे, हेही तेच सांगतात.

आधी मान डोलावणं, मग कुजबुज, मग घाबरून गप्प बसणं, मग दोन्हीकडचं थोडं थोडं पटणं आणि खरं बोलायला फार उशीर करणं. तुमच्या चारशे मुलांची त्या तासाभरात हीच अवस्था व्हायला हवी. त्यांना नाटकात शिरायला जी जागा आहे ती हीच. अँटिगनीसारखं आपण वागू असं फार थोड्यांना मनापासून वाटतं, आणि क्रेऑनच्या खुर्चीवर तर कुणीच बसलेलं नसतं. पण समोर काहीतरी चुकीचं घडताना नक्की काय चुकतंय हे न कळणं, किंवा कळूनही न बोलणं, हा अनुभव सोळा-सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलाकडे आहे. कोरस काढलात की दोन हट्टी माणसांचं भांडण उरेल, आणि मुलं पाच मिनिटांत अँटिगनीच्या बाजूने टाळ्या वाजवून मोकळी होतील.

गोंधळ्यांची कल्पना मला समजते, पण इथे ती चालणार नाही. गोंधळी कथा सांगायला येतात. ती त्यांच्या घरावर बेतलेली नसते. थीब्झच्या या म्हाताऱ्यांना क्रेऑनने निवडून, निरोप धाडून बोलावलं आहे. ते त्याच शहरात राहतात, त्यालाच घाबरतात, आणि शहर बुडालं तर त्याच्याबरोबर बुडणार आहेत. निवेदकाला असलं कसलंच भय नसतं. संबळ वाजला की प्रेक्षक खूश होतील यात शंका नाही, पण ते गोंधळाला खूश होतील.

आता हे जमवायचं कसं? अथेन्सच्या रंगभूमीवर कोरसमध्ये पंधरा जण असत. आधी बारा असत, ते सोफोक्लीसने पंधरा केले अशी परंपरा आहे. बोलक्या भूमिका मात्र सगळ्या मिळून तीनच नट मुखवटे बदलून करत, आणि तिसरा नटही सोफोक्लीसनेच आणला असं ॲरिस्टॉटल सांगतो. म्हणजे नटांच्या पाचपट माणसं कोरसमध्ये! तुम्ही सात ते नऊ जण घ्या, मुलं-मुली मिसळून. सगळ्यांनी सगळंच एकसुरात म्हणायचं हा हट्ट सोडा. पंखे घरघरत असलेल्या हॉलमध्ये नऊ जणांच्या एकत्र आवाजातून तिसऱ्या ओळीनंतर शब्द लागत नाहीत. गीतातली एखादी ओळ सर्वांनी म्हणायची, पुढची एकाने, त्यापुढची दोघांनी, आणि ओळ कुणाच्या तोंडी द्यायची ते तिच्या अर्थावरून ठरवायचं. जो आधी क्रेऑनच्या बाजूने बोलला त्यालाच पुढे शंकेची ओळ द्या. प्रत्येक मुलाला विचारा, तुझं मत कुठे बदललं? नऊ जणांची नऊ ठिकाणं निघतील. ती संहितेच्या समासात लिहून ठेवा आणि हालचाली त्यांवरून बांधा.

हालचालींसाठी मूळ रचनेतच एक सोय आहे. कोरसची गीतं जोडकडव्यांत असतात. पहिल्या कडव्याचं जे वृत्त, तेच नेमकं दुसऱ्याचं. म्हणून एक साधी चाल बसवायची, चार पावलं, एक वळण, एक थांबा, आणि दुसऱ्या कडव्याला तीच उलट दिशेने करायची. नृत्य न शिकलेल्या मुलांनाही हे जमतं, आणि पाहणाऱ्याला त्यामागचा नेम जाणवतो. भाषांतर कुणाचंही वापरा किंवा स्वतः करा, पण गीतांना लय असू द्या. मोकळी, बोलण्याच्या जवळची ओवी मला सगळ्यात सोयीची वाटते. ओळखीच्या अभंगाची किंवा सिनेगीताची चाल मात्र लावू नका, मुलं मूळ गाणं गुणगुणायला लागतील.

साथीला तिथे औलोस नावाचं जिभाळीचं, दोन नळ्यांचं सुषिर वाद्य असे. तुमच्याकडे एखादा विद्यार्थी सनई किंवा बासरी वाजवणारा असेल तर तेवढंच पुरे. रेकॉर्डेड पार्श्वसंगीत नको. सनई मिळाली तर ती एकाच ठिकाणी राखून ठेवा. गुहेकडे निघालेली अँटिगनी म्हणते, माझ्यासाठी लग्नाचं गाणं कुणी गायलं नाही, माझं लग्न आता मृत्यूशी. आपल्या कानांना सनई म्हणजे लग्न. तिथे तिचा एकच लांब सूर आला तर काही समजावून सांगावं लागणार नाही. तोवर नाटकात ती ऐकू येता कामा नये.

कोरसला डळमळायचं असेल तर क्रेऑन पटणारा हवा, आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. पहिल्या एन्ट्रीलाच तो डोळे वटारतो आणि मूठ आपटतो, मग संपलंच. त्याचं पहिलं भाषण शांतपणे वाचा. माणूस सत्तेवर बसल्याशिवाय त्याची पारख होत नाही. देशापेक्षा मित्राला मोठा मानणारा माझ्या लेखी कुणीच नाही. शहराचं जहाज नीट चाललं तरच मैत्री वगैरे शक्य. यात चूक काय आहे? इ.स.पू. ३४३ मध्ये प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनीसने अथेन्सच्या न्यायालयात हेच भाषण वाचून दाखवायला लावलं होतं, नागरिकाने कसं वागावं याचा उत्तम नमुना म्हणून. ज्याच्याविरुद्ध तो खटला होता तो एस्किनीस पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑनची भूमिका केली होती. ती वाक्यं तोंडपाठ असूनही तू देशाला विकलंस, असा डेमॉस्थेनीसचा रोख होता. शंभर वर्षांनंतरही अथेन्सच्या लोकांना क्रेऑनचे शब्द आदर्श वाटत होते, हे तुमच्या क्रेऑनला पहिल्याच तालमीला सांगा.

देशद्रोह्याला अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या राज्याच्या, भूमीत मूठमाती द्यायची नाही, असा कायदा अथेन्समध्येही होता. म्हणून क्रेऑनचा हुकूम त्या प्रेक्षकांना ऐकताक्षणी राक्षसी वाटला असेल असं समजू नका. तो पुढे गेला तो दुसऱ्याच बाबतीत: सीमेबाहेरही संस्कार होऊ द्यायला तो तयार नाही, कुत्र्या-गिधाडांसाठी प्रेत ठेवून वर पहारा बसवतो. लिहिणारा सोफोक्लीस स्वतः राज्यकारभारातला माणूस होता. अथेन्सच्या मित्रराष्ट्रांकडून येणाऱ्या खंडणीच्या खजिन्यावर त्याने काम केलं होतं, आणि हे नाटक ज्या सुमाराचं मानतात त्याच सुमाराला, इ.स.पू. ४४१-४० मध्ये, सेनापती म्हणून सॅमॉस बेटावरच्या मोहिमेतही होता. खुर्चीवर बसल्यावर काय निभवावं लागतं, हे त्याला बाहेरून बघून लिहावं लागलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी ‘अँटिगनी’ केलं तेव्हा नेल्सन मंडेला यांनी क्रेऑन केला होता, हेही मुलांना सांगा. त्यांना ते फार आवडेल आणि त्यावर ती स्वतःहून बोलतील.

अँटिगनीलाही देवी करू नका. ती आपल्या बहिणीशी, इस्मिनीशी, किती कठोर वागते! आधी घाबरलेली बहीण पुन्हा येऊन म्हणते, मलाही शिक्षा घेऊ दे, तर ही तिला झिडकारते. आणि शेवटच्या भाषणात म्हणते, नवऱ्यासाठी किंवा मुलांसाठी मी हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळाला असता, मूल दुसरं झालं असतं, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा कुठून आणू? या ओळी जर्मन कवी गटेला इतक्या खटकल्या की एखाद्या विद्वानाने त्या प्रक्षिप्त, म्हणजे नंतर कुणीतरी घुसडलेल्या, ठरवाव्यात अशी इच्छा त्याने १८२७ मध्ये बोलून दाखवली. वेळ वाचवायला तुम्हालाही त्या काढाव्याशा वाटतील. काढू नका. एक तरुण मुलगी मरणाच्या दारात उभी राहून आपण हे का केलं ते शोधते आहे. तिथे तिचं तर्कशास्त्र अडखळतं म्हणूनच ती खरी वाटते.

आता थीब्झ. ते थीब्झच राहू द्या. क्रेऑन आमदार झाला की पांढरा शर्ट दिसताक्षणी मुलांचा निकाल लागलेला असेल, आणि मग कोरस कशाला डळमळेल? दुसरं असं की थीब्झ हे अथेन्सच्या प्रेक्षकांसाठीही परकंच शहर होतं, अनेकदा शत्रूचं. स्वतःच्या घरातले अवघड प्रश्न त्यांनी दुसऱ्याच्या शहरात नेऊन मांडले, कारण तिथे ते निवांत बघता येतात. ती सोय तुमच्या मुलांनाही मिळू दे. कुठली बातमी आठवायची ते ती आठवतील. नावांचे उच्चार मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाका आणि सगळ्यांचे एकसारखे करा. क्रेऑन एकाचा क्रेऑन आणि दुसऱ्याचा क्रियॉन झाला की मागच्या बाकावरून हसू सुरू होतं. चादरी गुंडाळलेले ग्रीक नकोत. साधे, एकाच रंगाचे कपडे पुरेत, क्रेऑनला फक्त एक उपरणं वेगळं.

वेळेचं बघू. मूळ नाटक साडेतेराशे ओळींच्या आसपास आहे, पूर्ण केलं तर दीड तास सहज जातो. प्राचार्यांकडून अजून पंधरा-वीस मिनिटं मागून घ्या, आणि मध्यंतर ठेवू नका. कापायला सगळ्यात सोपं म्हणजे अँटिगनी गेल्यानंतरचं गीत, ज्यात डॅनई, लायकर्गस वगैरेंच्या कथा येतात. ते चार ओळींवर आणा, आपल्या मुलांना त्या नावांनी काही उलगडत नाही. वंशावळीचे उल्लेखही गाळा. पहारेकऱ्याचा प्रवेश मात्र पूर्ण ठेवा. बातमी कशी सांगू, सांगू की नको, असं घुटमळत तो येतो तेव्हा मुलं पोटभर हसतील. हसू द्या. सोफोक्लीसने ती जागा हसण्यासाठीच ठेवली आहे, आणि तिथे हसलेला प्रेक्षक पुढे उगाच हसायला जागा शोधत नाही.

शेवटी हशा पिकण्याची भीती वाटते ती बहुधा प्रेतांची उचलाउचल, लाल रंग आणि मेलेल्याचं हलणारं पोट यांमुळे. यातलं काहीच करायची गरज नाही. सगळे मृत्यू विंगेत होतात; दूत येऊन सांगतो. दूत म्हणून तुमचा सगळ्यात चांगला बोलणारा मुलगा किंवा मुलगी घ्या, अँटिगनीइतक्याच काळजीने निवडा. ती व्यक्ती एका जागी उभी राहून बोलेल. मागे मूकाभिनय नको, पडद्यावर चित्रं नकोत, प्रकाशयोजनेत बदल नको. क्रेऑनची बायको युरिडिसी तिथेच उभी राहून ऐकते आहे आणि एक शब्द न बोलता आत निघून जाते. तिचं ते जाणं कोरसने वळून पाहावं, प्रेक्षकांची नजर आपोआप तिकडे जाईल. क्रेऑन मुलाचं प्रेत घेऊन येतो तेव्हा हायमनचा अंगरखा नुसता हातांवर आडवा धरून आणला तरी चालेल.

एरवी एकांकिका स्पर्धांच्या सवयीने मुलं दर दोन मिनिटांनी ब्लॅकआऊट मागतील. देऊ नका. हे नाटक उघड्यावर, दिवसाउजेडी होत असे, आणि या कथेची सुरुवातही पहाटेची आहे. कोरस सूर्यकिरणाला हाक मारतच येतो. शक्य असेल तर प्रयोग सकाळी ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. प्रेक्षक एकमेकांना दिसत असले की वात्रटपणा वाढेल असं वाटतं, पण शेजारच्याचा चेहरा गंभीर झालेला दिसणं हे या नाटकाला हवंच आहे.

पालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे, तो टोलवू नका. या नाटकात अँटिगनी, हायमन आणि युरिडिसी असे तीन जण स्वतःचा जीव घेतात. मूळ संहितेने ते दृश्य दाखवलेलं नाही, तुम्हीही दाखवू नका. फास, ओढणी, तलवार असं काहीही रंगमंचावर नको, आणि दूताच्या भाषणातला मरणाच्या पद्धतीचा तपशील एका वाक्यावर आणा. अँटिगनीचं मरण उदात्त संगीत लावून सजवू नका. उलट संहितेत जे आहे ते ठळक करा: क्रेऑनचं मन बदललेलं होतं, तो निघालाही होता. कोरसने आधी मुलीला सोडव असं सांगितलं असताना तो आधी प्रेताच्या संस्काराला थांबला, आणि गुहेशी पोहोचेपर्यंत उशीर झाला. तिने थोडी वाट पाहिली असती तर दार उघडलं असतं. हे तिला माहीत असणं शक्य नव्हतं, आणि म्हणूनच मुलांशी यावर बोलायला हवं. नाटकात काय आहे ते प्रयोगाआधी वर्गावर्गांत सांगा, ज्याला नको वाटेल त्याला न येण्याची मोकळीक द्या, समुपदेशकांना प्रयोगाला बसवा आणि मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी ‘टेली मानस’ मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. ज्यांनी विचारलं त्या दोन पालकांना रंगीत तालमीला बोलवा.

प्रास्ताविक दोन मिनिटांचं करा. अथेन्सच्या माणसाला घरून येतानाच ठाऊक असलेलं तेवढंच सांगायचं: हे ईडिपसचं घर; दोन भाऊ राज्यासाठी लढले आणि एकमेकांच्या हातून मेले; एक शहराच्या बाजूने, दुसरा परकं सैन्य घेऊन; आता मामा गादीवर आहे. सांगायचंच असेल तर आणखी एक गोष्ट सांगा. तिथे उत्सवात नाटकं सुरू होण्याआधी, लढाईत मेलेल्यांची वयात आलेली मुलं, नगराने खर्च करून वाढवलेली, नगरानेच दिलेली चिलखतं घालून प्रेक्षकांसमोरून चालत जात. तुमच्या बारावीच्या मुलांच्या वयाची. ती मुलं पाहून झाल्यावर ते लोक युद्धात मेलेल्यांची नाटकं पाहायला बसत.

प्रयोगानंतर ‘कोण बरोबर?’ असं विचारू नका, हात वर होतील आणि विषय मिटेल. ‘तुमचं मत कुठल्या वाक्याला हललं?’ असं विचारा, आणि उत्तरं द्यायला आधी कोरसमधल्या मुलांना पुढे बसवा.

पहिल्या दोन आठवड्यांत भूमिका वाटूच नका. सगळ्यांना कोरस म्हणून उभं करा, पहिलं गीत आणि हायमनच्या प्रवेशानंतरचं गीत बसवा, रोज अर्धा तास फक्त उच्चार आणि श्वास. क्रेऑन, अँटिगनी, दूत यांची निवड त्यांच्यातूनच करा, म्हणजे कोरसमध्ये राहिलेल्या कुणाला आपण उरलेल्यांत आहोत असं वाटणार नाही. हायमन आणि अँटिगनी नाटकात एकदाही समोरासमोर येत नाहीत, तेव्हा मुलं कमी पडली तर या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीला देता येतील. तीन नटांच्या त्या जुन्या रंगभूमीवरही अशीच जोडाजोड करावी लागे.